लाल पाटीवरचा तिसरा शब्द

मी एक जुनी लाल पाटी आहे, मित्रांनो. पाटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे शाळेची पाटी आली असेल, नाहीतर एखाद्या दुकानावरची, दिव्यांनी लखलखणारी. मी त्यांतली नव्हे. माझी लांबी वीतभर, रुंदी चार बोटे. माझ्या डोक्याला एक भोक आहे आणि त्यात सुतळीचा फास आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध भांडारात, तिसऱ्या मांडणीच्या वरून दुसऱ्या फळीवर, मी गेली एकतीस वर्षे उभी आहे.

माझ्यावर तीन शब्द लिहिलेले आहेत. 'मागे आहे. मागवा.' त्यांतला तिसरा शब्द माझ्या अंगावरून एकदा पुसला गेला होता. तेवढ्यावरून काय झाले, ते मला तुम्हाला सांगायचे आहे. पण त्यासाठी आधी माझ्या जन्माकडे जावे लागेल, कारण दुखण्याचे मूळ तिथेच आहे.

त्या काळी औषधे लाकडी पेटाऱ्यांतून येत. बाटल्या पेंढ्यात झोपवलेल्या असत. मी अशाच एका पेटाऱ्याची फळी. माझ्या पाठीवर 'काच आहे, जपून' असे छापलेले होते. त्यामुळे जपण्याचे संस्कार माझ्यावर लहानपणापासूनचे आहेत, असे मी म्हणायचे आणि इतर पाट्या मला हसायच्या. हसू देत बापड्या.

भांडारात तेव्हा नवे भांडारपाल आले होते. अंगाने काटकुळे, खिशाला दोन पेनं, एक निळे आणि एक लाल. त्यांच्या आधी तिथला सगळा कारभार नजरेवर चाले. कोणी विचारले, 'अमुक औषध आहे का?' की मांडणीकडे मान वळवायची आणि म्हणायचे, 'आहे की, भरपूर आहे.' मांडणी भरलेली दिसली की सगळे खूश असत.

एके दिवशी दुपारी बालरुग्ण विभागातली सिस्टर धावत आली. तिला फिट्स थांबवणारे इंजेक्शन हवे होते. साधे नव्हे, तर पहिले औषध देऊनही फिट थांबत नाही तेव्हा देतात ते. फळीवर आठ खोकी ओळीने मांडलेली होती. भांडारपालांनी पहिले उघडले, रिकामे. दुसरे उघडले, तेही रिकामे. आठही खोकी रिकामी निघाली. फळी ओकीबोकी दिसू नये म्हणून कोणीतरी औषध काढून खोकी परत जागेवर ठेवत आले होते. त्या दिवशी शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या कपाटात दोन कुप्या सापडल्या म्हणून ते मूल वाचले. भांडारपाल मात्र रिकामे खोके हातात धरून स्टुलावर बसून राहिले. पुढ्यातल्या चहावर साय धरली.

तिथे एक हमाल होते. वयाने तेव्हा पंचविशीतले, तरी सगळे त्यांना मामाच म्हणत. भांडारपाल त्यांना म्हणाले, "मामा, डोळे फसवतात. हाताला काहीतरी लागलं पाहिजे."

"काय लागायला पाहिजे, साहेब?"

"पाटी."

अशी आमची कुळकथा सुरू झाली. रुग्णालयाच्या सुताराने पेटाऱ्यांच्या फळ्या कापून चोवीस पाट्या केल्या. आगीच्या बादल्या रंगवून उरलेला लाल रंग आम्हाला मिळाला. आता अक्षरे कोण काढणार? हाडांच्या विभागात एक रंगारी पडून होता. दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून कोसळलेला, पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला. करायला काही नाही म्हणून दिवसभर सगळ्यांवर खेकसायचा. भांडारपालांनी आम्हा चोवीस जणींना त्याच्या पोटावर नेऊन ठेवले. त्या दिवसापासून त्याचे खेकसणे थांबले. पडल्या पडल्या त्याने अशी देखणी अक्षरे काढली की डॉक्टर फेरी सोडून बघत उभे राहत.

मी चोविसावी. शेंडेफळाचे लाड होतात म्हणे. माझ्या वाट्याला खरवड आली. माझे 'मागे आहे' लिहून झाले आणि पांढऱ्या रंगाचा डबा संपला. रंगाऱ्याने डब्यात टर्पेंटाइनचे चार थेंब टाकले, कडा खरवडल्या आणि त्या पाणचट रंगात माझा 'मागवा' लिहिला.

"जरा फिका झालाय हो. चालेल ना?"

"चालेल. वाचता येतंय," भांडारपाल म्हणाले.

मित्रांनो, हा 'चालेल' लक्षात ठेवा.

आमचे काम अगदी सोपे होते. प्रत्येक औषधाचा शेवटच्या पंधरा दिवसांचा साठा आमच्या मागे ठेवलेला असे. पुढचे औषध वापरता वापरता ज्याचा हात पाटीला लागेल, त्याने पाटी उचलायची आणि भांडारपालांच्या टेबलाशेजारी भिंतीत एक खिळा होता, त्यावर नेऊन टांगायची. पाटी खिळ्यावर दिसली की औषध मागवायचे. नवा माल येऊन जागेवर लागेपर्यंत पाटी खिळ्यावरच राहणार. मागच्या औषधाला हात लावायला कोणाची ना नव्हती, ते वापरण्यासाठीच होते. पण आधी पाटी खिळ्यावर गेली पाहिजे.

पंधराच दिवस का, असे मामांनी विचारले होते. भांडारपाल म्हणाले, "मागणी गेल्यापासून गाडी यायला बारा दिवस लागतात. आणि तीन दिवस नशिबाचे." पुढे ते ज्याला त्याला पंधरा दिवसांचा हिशेब ऐकवू लागले. वर्षाच्या आत सगळे रुग्णालय त्यांना पंधरवडेकाका म्हणू लागले. त्यांचे खरे आडनाव पगाराच्या कागदावर तेवढे उरले.

माझी नेमणूक त्याच फिट्सच्या इंजेक्शनापुढे झाली. माझ्या उजवीकडे एक मलम होते. त्याचा खप इतका, की तिथली पाटी महिन्यातून दोनदा खिळ्यावर जायची. तिला आम्ही 'फिरती' म्हणायचो. मी वर्षातून दोन-तीनदाच जागेवरून हलायचे. पण ज्या दिवशी हलायचे त्या दिवशी माझा थाट बघावा. मामा मला सुतळीला धरून न्यायचे आणि मोठ्याने सांगायचे, "फिट्सवाली आली हो!" काका चष्मा पुसायचे, दोन कार्बन घालून मागणीपत्र लिहायचे आणि लिहिलेले मामांना वाचून दाखवायचे. मामांनी आकडा परत म्हणायचा, अशी शिस्त होती. एकदा एक शून्य लिहायचे राहिले आणि पाचशे सलाईनच्या जागी पन्नास आल्या, तेव्हापासूनची ही शिस्त.

मागणी गेली म्हणजे माल आला असे नसते, हे मी खिळ्यावर बसून शिकले. पुरवठादाराला फोन लावला की त्याचे ठरलेले उत्तर येई, "गाडी निघाली आहे." काका शांतपणे विचारायचे, "बरं झालं. ड्रायव्हरचं जेवण झालं का हो?"

"हो हो, हा काय, इथंच बसलाय जेवायला!"

"मग त्याला म्हणावं, सावकाश जेव. आणि जेवण झालं की गाडी निघू दे." फोन ठेवून काका मामांकडे बघायचे आणि दोघेही पोट धरून हसायचे.

गाडी आली की एकेक खोके उघडून बघायचे. कुपी फुटलेली नाही ना, मुदत कधी संपते, मागवले तेच आले ना. मग काका म्हणायचे, "जुनं पुढे, नवं मागे." ज्याची मुदत आधी संपणार ते आधी वापरायचे. मामा एकदा म्हणाले होते, "काका, जुन्याला पुढचा मान देणारी ही एकच जागा उरली बघा." ते दिवस आठवले की अजूनही जीव कासावीस होतो. खोक्यांचा तो कोरडा वास, कार्बनची निळी बोटे, आणि झरोक्यातून दुपारी माझ्या अंगावर येणारे ऊन. त्या उन्हात मी सुखाने शेकत बसायचे. ते ऊन माझ्या तिसऱ्या शब्दावर पडते आहे, हे मला कळत नव्हते.

एकदा माझे कौतुकही झाले. त्या वर्षी नदीला पूर आला आणि पूल खचला. मी आदल्याच दिवशी खिळ्यावर गेले होते. गाडी लांबच्या वळणाने चौदाव्या दिवशी संध्याकाळी आली. तेवढ्या दिवसांत तापाने फणफणलेली किती मुले आली, पण इंजेक्शन नाही म्हणून एकही अडले नाही. गाडी आली तेव्हा फळीवर दोन खोकी शिल्लक होती. बालरुग्ण विभागाच्या मोठ्या डॉक्टरबाई स्वतः जिना उतरून भांडारात आल्या.

"दाखवा बघू मला ती पाटी."

मामांनी मला त्यांच्या हातात दिले.

"अगंबाई, एवढीशी? मला वाटलं केवढी असेल! हिला चहा पाजा हो कोणीतरी."

मामांनी खरोखरच बशीतला चहा बोटाने माझ्या कोपऱ्याला लावला. तो तपकिरी डाग अजून आहे. मी तो पदकासारखा मिरवते.

बावीस वर्षे अशी गेली आणि काका निवृत्त झाले. त्यांना मूलबाळ नव्हते आणि बायको आधीच गेली होती. निरोपाच्या दिवशी कोणीतरी विचारले, "काका, आता तुमच्या मागे कोण?" काका म्हणाले, "माझ्या मागे चोवीस पाट्या आहेत." सगळे हसले. मग ते मांडणीमांडणीपाशी गेले आणि प्रत्येक पाटीच्या मागे हात घालून पाहिला. माझ्यापाशी जरा जास्त वेळ थांबले. माझ्यावरून बोट फिरवले, काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात त्यांना फोटोला हाक आली.

त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलावे असे तुम्हाला वाटत असेल, तर मी बोलणार नाही. बाई हुशार, कामाला वाघ, आणि त्यांच्यासोबत कॉम्प्युटर आला. कुठले औषध किती गेले आणि किती उरले, ते तो क्षणात सांगायचा. मग पाट्यांची गरज काय? बाईंनी पाट्या गोळा करायला सांगितल्या. 'मागवा' हे आता कॉम्प्युटर सांगणार होता. ते खरेही होते. तेवीस पाट्या एका खोक्यात भरून जिन्याखाली गेल्या.

मी वाचले. का, तर तोवर माझ्यावर फक्त 'मागे आहे' एवढेच वाचता येत होते. पाट्या उचलणारा नवा कर्मचारी म्हणाला, "ही राहू दे. मागे माल आहे असं लिहिलंय, कामाची आहे." माझ्या व्यंगाने मला तारले, मित्रांनो, आणि मी मूर्ख त्याचा आनंद मानत बसले. त्याच आठवड्यात कॉम्प्युटरची तार भिंतीतून न्यायची होती. वाटेत आमचा खिळा येत होता. तो उपटला आणि तिथे विजेचा बोर्ड बसवला.

पुढची काही वर्षे ठीक गेली. मामांचे केस पिकले. त्यांना एक नात झाली आणि तिला बोलता यायला लागल्यापासून ती थांबलीच नाही, म्हणून घरीदारी तिचे नाव बडबडी पडले. मामा खोकी लावता लावता तिच्याच गोष्टी सांगायचे. बडबडी काल कावळ्याशी भांडली. बडबडी शाळेत बाईंना म्हणाली, आधी तुम्ही गप्प बसा. मी तिला पाहिले नव्हते, पण ओळखत होते.

ती सात वर्षांची झाली त्या वर्षी तापाची साथ होती. विभागांतून चिठ्ठ्या घेऊन माणसे पळत यायची, आधी औषध द्यायचे आणि नोंद सवडीने करायची, असे चालले होते. चिठ्ठ्या बाईंच्या टेबलावरच्या तारेत टोचून ठेवल्या जात. तार भरत गेली आणि सवड काही मिळाली नाही.

एका सकाळी मामांचा हात माझ्या अंगाला लागला. पुढचे संपले होते. जुनी सवय जाईल कुठे? मामांनी मला सुतळीला धरले आणि टेबलाशेजारी नेले. हात वर केला आणि तसाच राहिला. खिळा नव्हता. बाई कानाला एक फोन लावून बसल्या होत्या, दुसरा वाजत होता.

"बाई, फिट्सवाली आली."

"काय?"

"पाटी. हाताला लागली."

बाईंनी पडद्याकडे पाहिले. "मामा, सव्वीस खोकी दाखवतंय. ठेवा ती जागेवर."

"पाटी खोटं बोलत नाही, बाई," मामा पुटपुटले. पण बाई पुन्हा फोनवर बोलू लागल्या होत्या. मामांनी मला परत फळीवर ठेवले.

त्यानंतर जो आला त्याने माझ्यावरून हात घालून मागचे खोके उचलले. जाताना मला वाचले आणि निश्चिंत झाला. 'मागे आहे.' अकराव्या दिवशी माझ्या मागे काही उरले नाही. माझ्या पाठीला फळीचे गार लाकूड जाणवत होते आणि मी तोंडाने सांगत होते, मागे आहे, मागे आहे. मी आयुष्यात एकदाच खोटे बोलले, ते त्या दिवशी. मला तोंड आहे पण आवाज नाही, याचे एवढे दुःख मला कधी झाले नव्हते.

बाराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. बाईंनी उचलला आणि वळून म्हणाल्या, "बालरुग्णमधून आहे. फिट्सचं इंजेक्शन, लगेच. पहिलं औषध लागू पडत नाहीये."

मामा तोवर उठले होते. सकाळीच तापलेल्या बडबडीला त्या विभागात ठेवले होते. ते स्टुलावर चढले आणि त्यांनी माझ्या मागे हात घातला. मग दुसरा हात घातला. मग मला उचलून डोळ्यांपुढे धरले.

"मागे आहे म्हणतेस," ते मला म्हणाले. "कुठे आहे गं?"

बाई धावत आल्या. त्यांनी फळी पाहिली, पडदा पाहिला, तारेतल्या चिठ्ठ्या पाहिल्या. पण त्या थांबल्या नाहीत. तीन ठिकाणी फोन केले. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात इंजेक्शन होते. बाईंनी आपला जेवणाचा डबा टेबलावर उलटा केला, रिकामा डबा घेतला आणि स्कूटर काढली.

मामा वर नातीजवळ गेले नाहीत. फाटकाशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या हातातच होते. मला ठेवायचे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. त्यांची बोटे माझ्यावर इतकी घट्ट होती की सुतळी त्यांच्या तळव्यात रुतली. ते रस्त्याकडे बघत होते आणि एकच वाक्य म्हणत होते, "मीच ठेवली परत. मीच ठेवली."

बाई आल्या तेव्हा चाळीस मिनिटे झाली होती. मामा एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मला घेऊन तीन जिने चढले. मी त्या दिवशी पहिल्यांदा बालरुग्ण विभाग पाहिला आणि पहिल्यांदा बडबडीला पाहिले. ती एक शब्दही बोलत नव्हती.

इंजेक्शन गेले. थोड्या वेळाने तिचे अंग सैल पडले आणि श्वास लयीत आला. मोठ्या डॉक्टरबाई आता अगदी पिकलेल्या होत्या. त्यांनी मामांना बाजूला घेतले. "वाचली. पण फार वेळ गेला, मामा. उजव्या हातात जोर वाटत नाही. येईल परत, पण वेळ लागेल. करून घ्यावं लागेल." मामांनी मान हलवली आणि भिंतीला टेकून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तारेतल्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या. सव्वीसच्या सव्वीस खोक्यांच्या चिठ्ठ्या त्यात होत्या. कॉम्प्युटर बिचारा खोटा नव्हता; त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मग बाई सुताराकडून हातोडी घेऊन आल्या आणि विजेच्या बोर्डाशेजारी स्वतः खिळा ठोकू लागल्या. दोनदा अंगठ्यावर मारून घेतले. मामा म्हणाले, "द्या इकडे." बाई म्हणाल्या, "नको. मी म्हणाले होते, ठेवा जागेवर." मामा म्हणाले, "आणि ठेवली मी." खिळा जरा वाकडा बसला, पण मजबूत बसला.

जिन्याखालून खोके निघाले. चोवीसांतल्या माझ्यासकट नऊ जणी धड होत्या. बाकीच्या कुठल्या टेबलाच्या पायाखाली, कुठल्या माठावर झाकण म्हणून गेल्या होत्या. एकीचे दोन तुकडे झाले होते. ती आमची फिरती. बाईंनी जी औषधे नसली तर जीव जातो अशी नऊ औषधे निवडली आणि त्यांच्यापुढे आम्हाला उभे केले. कॉम्प्युटरही राहिला. त्याच्याशी आता माझे बरे जमते.

राहिला माझा तिसरा शब्द. डॉक्टरबाईंनी बडबडीला रोज हाताचा व्यायाम सांगितला होता. काहीतरी धरायचे, ओढायचे, गिरवायचे. ती रडायची, चमचा फेकून द्यायची. एक दिवस बाईंनी पांढऱ्या रंगाची नवी डबी आणि ब्रश आणला आणि मला तिच्या मांडीवर ठेवले.

"एवढं लिहून देशील? 'मागवा'. हिचा तेवढा शब्द गेलाय."

"माझा हात थरथरतो," बडबडी म्हणाली.

"मग थरथरतं लिही."

'मा' काढायला तिला एक अख्खी दुपार लागली. दुसऱ्या दिवशी 'ग', तिसऱ्या दिवशी 'वा'. तोवर तिची जीभ पुन्हा सुटली होती. "आजोबा, 'ग' पडतोय बघा. 'वा'चा काना पळून चाललाय." मामा म्हणाले, "असू दे, वाचता येतंय."

"नुसतं वाचता येऊन चालायचं नाही," बाई म्हणाल्या. "रंग वाळला की दुसरा हात दे."

बडबडीने गोंधळून डावा हात पुढे केला. "हा?"

बाई हसल्या, मामा हसले, आणि हसता हसता मामांच्या डोळ्यांतून पाणी आले. दुसरा हात म्हणजे रंगाचा दुसरा थर, हे तिला समजावले. तिने तो उजव्या हातानेच दिला.

या गोष्टीला आता दोन वर्षे होतील. गेल्या महिन्यात औषधाच्या खिडकीपुढच्या रांगेत एक म्हातारे काठी टेकून उभे होते. बाईंनी मान वर केली आणि ओरडल्याच, "काका! तुम्ही रांगेत?" पंधरवडेकाका होते. बाईंनी त्यांना आत आणून माझ्या समोरच्या स्टुलावर बसवले आणि त्यांचा कागद पाहिला. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या.

"कधी संपल्या?"

"परवा."

"परवा! साऱ्या रुग्णालयाला पंधरा दिवसांचं मागे ठेवायला शिकवलंत, आणि स्वतः गोळ्या संपल्यावर येता?"

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," काका ओशाळून हसले. "एकट्याच्या घरात आठवण कोण करणार, बाई."

मग त्यांची नजर माझ्यावर गेली. ते उठून जवळ आले. "हे अक्षर रंगाऱ्याचं नाही." मामांनी सगळे सांगितले. मीच ठेवली परत, हेही सांगितले. बाईंनी चिठ्ठ्यांचे सांगितले. काकांनी माझ्या तिसऱ्या शब्दावरून बोट फिरवले.

"चूक माझीही आहे," ते म्हणाले. "ही फिकी आहे हे मला पहिल्या दिवशी दिसलं होतं. चालेल म्हणालो. निवृत्त व्हायच्या दिवशी पुन्हा दिसलं, आणि मी फोटो काढायला गेलो. फिकी पाटी सर्दीच्या गोळ्यांपुढे ठेवावी. मी ती इथे ठेवली."

चुकीला सहसा धनी सापडत नाही. आमच्या चुकीला तीन सापडले, आणि चौथी मी होते. काकांनी माझ्या मागे हात घातला आणि खोकी मोजली.

"पंधरा दिवसांचं?"

"अठरा," बाई म्हणाल्या. "पुलाचं काम चालू आहे ना."

काकांनी मान हलवली. एवढे समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर गाडी वेळेवर आल्यावरही पाहिले नव्हते.

बडबडी त्या दिवशी हाताच्या व्यायामाला आलेली होती आणि कोपऱ्यात बसून सगळे ऐकत होती. तिला गप्प बसवणार कोण? "आजोबा, तुमच्या मागे कोण आहे?" तिने काकांना सरळ विचारले.

"माझ्या मागे चोवीस पाट्या होत्या, बाळ. आता नऊ राहिल्यात म्हणे."

"दहा," बडबडी म्हणाली.

तिने फिरतीचा मोठा तुकडा घेतला आणि तीन शब्द लिहिले. या वेळी एकाच दुपारी. दुसरा हातही दिला. मामांनी तो काकांच्या घरी नेऊन गोळ्यांच्या डब्यात उभा केला आणि शेजारच्या भिंतीत खिळा ठोकला. आता पाटी हाताला लागली की काका ती खिळ्यावर टांगतात आणि भांडारात फोन करतात, "फिरती आली हो!" मग मामा गोळ्या घेऊन जातात. परवा म्हणे दोघे चहा घेत इतका वेळ बसले की मामांना घरी पोहोचायला दिवेलागण झाली. एरवी काकांच्या दाराची कडी आठवडा आठवडा वाजत नसे.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत आणि सुतळी तिसऱ्यांदा बदलली आहे. तुमच्याही घरात, शाळेत, कपाटात माझ्यासारखी एखादी खूण असेल, जी वाचून तुम्ही निश्चिंत होत असाल. माझे एवढे ऐका. पहिले दोन शब्द वाचून पुढे जाऊ नका. मागे हात घालून बघा. तिसरा शब्द वाचा. आणि तो पुसट झालेला दिसला, तर 'चालेल' म्हणू नका. रंग आणा, आणि दोन हात द्या.